स्टेअरिंग मधूनच जड होतंय, पिवळा दिवा येतो आणि जातो: कॉलम बदलण्याआधी काय तपासायचं?

खानापूर_लाल_माती

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, ९१ हजार किलोमीटर. स्टेअरिंग इलेक्ट्रिक, मोटर डॅशबोर्डखाली कॉलमवरच (स्टेअरिंगच्या दांड्यावरच) बसवलेली. गाडी उघड्यावर उभी असते. रोज खानापूर-बेळगाव, अधूनमधून जांबोटी-कणकुंबी.

त्रास दोन तऱ्हेचा आहे. दोन्ही एकाच बिघाडाचे की वेगवेगळे, तेच कळेना झालंय.

पहिला: गाडी चालू करून लगेच रिव्हर्स घेताना, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की मध्येच एकदम दगडासारखं जड होतं आणि ईपीएसचा (इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचा) पिवळा दिवा लागतो. इंजिन बंद करून परत चालू केलं की सगळं ठीक. ब्लोअर, हेडलाईट आणि वायपर एकदम चालू असले की हमखास. पावसाळ्यात जास्त. हायवेला साठ-ऐंशीच्या वेगात कधीच नाही.

दुसरा: दिवा लागत नाही, पण हळू वेगात वळताना स्टेअरिंग थोडं हलकं, थोडं जड, परत हलकं असं लागतं. वळण संपल्यावर आपोआप सरळ व्हायला पाहिजे ते होत नाही, हाताने आणावं लागतं. सकाळी थंड गाडीला जास्त, पाऊस लागून रात्रभर उभी असली तर आणखी जास्त.

टायरमध्ये हवा ३२ पीएसआय, अलायमेंट झालंय. बॅटरी उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट दाखवते. एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, कोड काही आला नाही, तरी "कॉलम असेंब्ली बदला" म्हणून ३२ हजारांचं कोटेशन दिलंय. मल्टिमीटर, जॅक आणि साधे पाने घरी आहेत. क्रम सांगा.

---

उद्यमबाग_वायरिंग

दोन वेगळे बिघाड आहेत असं धरून चाला. दिवा लागतो तो विजेचा, दिवा लागत नाही तो बहुतेक लोखंडाचा. दुसऱ्याबद्दल फिटर मंडळी सांगतील, मी पहिल्यावर बोलतो.

कॉलमवरची मोटर सरळ चालताना जेमतेम एखादा अँपिअर खाते. उभ्या गाडीत, कोरड्या डांबरावर स्टेअरिंग टोकापर्यंत वळवलं की तीच ३० ते ५० अँपिअर ओढते. हेडलाईट, ब्लोअर आणि वायपर मिळून जेवढं घेतात त्याच्यापेक्षा जास्त. आयडलवर अल्टरनेटर सगळ्यात कमी देतो आणि रिव्हर्सला वळताना मागणी सगळ्यात जास्त. हायवेला तुम्हाला त्रास होत नाही तो म्हणूनच: आरपीएम जास्त, आणि वेगात स्टेअरिंगला मदत जवळजवळ लागतच नाही.

ईपीएसच्या युनिटला व्होल्टेज मर्यादेखाली गेलेलं दिसलं की ते मदत बंद करून दिवा लावतं. बऱ्याच गाड्यांत ही बंदी इग्निशन बंद करेपर्यंत उठत नाही. चावी फिरवली की युनिट नव्याने तपासणी करतं, त्या क्षणी लोड नसतो, सगळं बरोबर दिसतं, दिवा जातो. त्यामुळे "बंद करून चालू केलं की ठीक" हे कॉलम खराब असल्याचं लक्षण नव्हेच.

आता मोजमाप. उभ्या गाडीतले १२.५ फारसं काही सांगत नाहीत, वळवताना मोजायचं. एक माणूस स्टेअरिंगवर पाहिजे. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला.

१) बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर: लोड नसताना १३.८ ते १४.५. मग समोरच्याने स्टेअरिंग टोकापर्यंत वळवायचं आणि सेकंदभर दाबून धरायचं. १२.५ च्या खाली जाता कामा नये.

२) अर्थिंग (करंट बॅटरीकडे परत यायची वाट), बॉडीचं: मीटर डीसी व्होल्टवर, काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह *खुंटीवर*, क्लॅम्पवर नव्हे. लाल तार डॅशखाली कॉलमचा ब्रॅकेट जिथे बॉडीला बोल्ट होतो त्या उघड्या धातूवर. स्टेअरिंग वळवताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब.

३) अर्थिंग, इंजिनचं: काळी तार तिथेच, लाल तार अल्टरनेटरच्या ॲल्युमिनियम बॉडीवर. तोच निकष.

४) पॉझिटिव्ह: बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून ईपीएस युनिटच्या जाड लाल तारेपर्यंत. कनेक्टर काढायचा नाही, मागून बारीक पिन सरकवून मोजायचं. ०.३ पर्यंत चालतं. जास्त आलं तर इंजिन बे मधला ईपीएसचा बोल्टचा मोठा फ्यूज सैल आहे का बघा. काळसर झालेला फ्यूज, वितळलेलं प्लॅस्टिक, हे दिसतं.

५) जाता जाता मीटर एसीवर टाकून बॅटरीवर बघा. अर्धा व्होल्टच्या वर एसी दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय.

ओहमवर टाकून "बीप" वाजवून अर्थिंग तपासू नका. तारेतले दहापैकी नऊ धागे तुटले तरी बीप वाजतो. चाळीस-पन्नास अँपिअरला अडचण करणारा रोध ०.०३ ओहमएवढाच असतो, साध्या मीटरची शेवटची पायरी ०.१ ओहम. चालू करंटमध्ये व्होल्टेज किती पडतंय तेच बघायचं.

बॅटरीच्या क्लॅम्पमध्ये आपल्याकडे सैल झाला की खिळा नाहीतर पत्र्याचा तुकडा ठोकायची रीत आहे. तसं काही असेल तर आधी ते काढा आणि क्लॅम्प नवीन घाला, मग मोजा.

---

निपाणी_फिटर

वायरमन साहेबांनी बरोबर विभागणी केली. दुसऱ्या त्रासाचं वर्णन वाचल्या वाचल्या सांगतो, स्टेअरिंग कॉलम आणि रॅक (चाकं वळवणारी दातेरी दांडी) यांच्यामधल्या छोट्या शाफ्टचा यूजे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वाकणारा सांधा) बघा. "थोडं हलकं, थोडं जड, परत हलकं" हे लय महत्त्वाचं वाक्य आहे. क्रॉसचा एक कप गंजला की स्टेअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात दोनदा जड लागतं, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यावर, दर वेळी त्याच जागी. रॅक खराब असेल तर असं ठराविक अंतरावर येत नाही.

खानापूर, जांबोटी भागात हे जास्त दिसण्याचं कारण पाऊस आणि तांबडी माती. कॉलम जिथे फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून) खाली जातो तिथलं रबर बूट फाटलं की बारीक लाल चिखल थेट खालच्या क्रॉसवर जातो. सुयांच्या बेअरिंगमधलं ग्रीस संपलेलं असतंच, वर पाणी. रात्रभर उभी राहिली की गंज धरतो, सकाळी अडकतं, थोडं चाललं की मोकळं होतं.

तपास असा. दोन्ही पुढची चाकं जमिनीवरून वर, गाडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. इंजिन बंद, चावी फक्त लॉक सुटेल एवढी फिरवलेली. स्टेअरिंगची वरची जागा टेपने खूण करा. दोन बोटांनी सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्या. जड कुठे लागतं ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहून ठेवा: दहावर, चारवर, परत दहावर असं आलं तर क्रॉस. एकाच टोकाकडे सतत जड होत गेलं तर रॅक नाहीतर बॉल जॉइंट. वळवताना समोरच्या स्प्रिंगवर हात ठेवा. स्प्रिंग ओढली जाऊन मग "टंग" करून सुटली तर वरच्या स्ट्रट माउंटचं बेअरिंग गेलंय. तेही स्टेअरिंग सरळ होऊ देत नाही आणि अलायमेंटवाले ते बघत नाहीत.

खात्री करायची तर शाफ्ट सोडवा. चाकं सरळ करा, चावी काढून स्टेअरिंग लॉक होऊ द्या किंवा सीटबेल्टने बांधून टाका. शाफ्ट सुटलेला असताना स्टेअरिंग चुकून दोन-तीन फेरे फिरलं तर आतली एअरबॅगची स्पायरल केबल तुटते, हॉर्न आणि एअरबॅग दोन्ही जातात. बॅटरीचा निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा, मग हात घाला. शाफ्ट आणि पिनियन (रॅक फिरवणारा छोटा दातेरी गिअर) दोन्हीवर सरळ रेषेत रंगाची खूण करा. खालचा पिंच बोल्ट *पूर्ण बाहेर* काढावा लागतो, नुसता ढिला करून भागत नाही, कारण तो पिनियनच्या खाचेतून जातो. शाफ्ट वर सरकवा आणि क्रॉस हाताने चारी दिशांना हलवा. चांगला क्रॉस स्वतःच्या वजनाने खाली पडतो. अडकलेला जिथे ठेवाल तिथे उभा राहतो.

---

कित्तूर_रायडर

क्रॉसला गंज काढायचा स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा, मोकळा होतो. शाफ्ट बदलायची गरज नाही.

---

निपाणी_फिटर

मोकळा होतो, पण किती दिवस? तो पातळ स्प्रे उरलंसुरलं ग्रीसही धुऊन काढतो. हे क्रॉस बंद असतात, ग्रीस निपल नसतो, कप ठोकून बसवलेले असतात. आत ग्रीस घालायला वाटच नाही. तपासासाठी मारायला हरकत नाही: मारल्यावर स्टेअरिंग हलकं झालं तर दोष तिथेच आहे हे पक्कं होतं. पण ते निदान झालं, दुरुस्ती नव्हे. अडकलेला क्रॉस पुढे ढिला होतो, आणि ढिल्या क्रॉसची गाडी घाटात न्यायची म्हणजे काय ते सांगायला नको. शाफ्ट पूर्ण बदला. कॉलम असेंब्ली नको, शाफ्ट वेगळा मिळतो. काउंटरवर चेसिस नंबर देऊन विचारा.

---

कणकुंबी_चोर्ला_लाईन

तपास चालू द्या, पण तोवर एक गोष्ट. चोर्ला घाटात उतरताना दिवा लागला म्हणून चालत्या गाडीत चावी बंद-चालू करणारे लोक आहेत. करू नका. चावी एक टप्पा जास्त मागे गेली तर स्टेअरिंग लॉक पडतं, आणि इंजिन बंद झालं की ब्रेकची व्हॅक्यूमची मदतही दोन-तीन दाबांत संपते.

ईपीएस गेलं तरी स्टेअरिंग आणि चाकांचा जोड लोखंडाचाच असतो, गाडी वळते, फक्त ताकद लागते. दोन्ही हात लावा, वेग कमी करा, रुंद जागा बघून थांबा आणि मग रीस्टार्ट करा. चालत्या गाडीला वळवायला उभ्या गाडीपेक्षा बरीच कमी ताकद लागते, म्हणून वळणावर पूर्ण थांबू नका.

उलट प्रकार झाला, म्हणजे स्टेअरिंग आपणहून एका बाजूला ओढायला किंवा थरथरायला लागलं, तर ती टॉर्क सेन्सरची (हाताने किती जोर लावला ते मोजणाऱ्या सेन्सरची) भानगड. तेव्हा गाडी थांबवा, इग्निशन बंद करा, ईपीएसचा फ्यूज काढा आणि जड स्टेअरिंगवर हळू गाडी न्या. चुकीची मदत करणाऱ्या मोटरपेक्षा मदत नसलेली बरी.

---

टिळकवाडी_स्कॅनर

कोड का आला नाही याबद्दल. ऑनलाईन मिळणारे निळे छोटे ब्लूटूथ डोंगल बहुधा इंजिनचेच, म्हणजे "पी" ने सुरू होणारे कोड वाचतात. स्टेअरिंगचे "सी" चे आणि आपसातल्या संपर्काचे "यू" चे असतात. स्कॅनर ईपीएस मॉड्यूलमध्ये वेगळा शिरणारा पाहिजे आणि "चालू" कोडांबरोबर "जुने" कोडही वाचायला पाहिजेत. बॅटरी काढायच्या *आधी* वाचा.

यू०१३१ दिसला तर बाकीच्या युनिटांचा ईपीएसशी संपर्क तुटतोय. बॅटरी किंवा अर्थिंग खराब असताना हा कोड उगाच येतो, म्हणून आधी व्होल्टेज, मग कोडावर विश्वास.

दुसरी खूण मीटर पॅनेलवर असते. स्टेअरिंग जड होताना स्पीडोमीटरचा काटाही शून्यावर पडत असेल तर वेगाचा सिग्नल जातोय. वेग कळला नाही की युनिट सुरक्षित म्हणून मदत कमी करतं. मग कॉलम नव्हे, स्पीड सेन्सर नाहीतर चाकावरचा एबीएसचा सेन्सर बघायचा.

आणि तिसरा प्रकार, ज्याला बिघाड म्हणू नये: गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात पार्किंगसाठी पुढे-मागे करत उभ्या गाडीत टोकापासून टोकापर्यंत स्टेअरिंग सतत फिरवलं तर मोटर तापते आणि युनिट स्वतःच करंट कमी करतं. बऱ्याच गाड्यांत दिवा लागत नाही. हळूहळू जड होत जातं, थोडी विश्रांती दिली की आपोआप परत हलकं. तुमचं एकदम जड होतं, त्यामुळे तुमचं हे नाही, पण वाचणाऱ्या इतरांनी हा फरक लक्षात ठेवा.

कॉलम मात्र मी यादीतून पूर्ण काढणार नाही. २०१४ च्या बऱ्याच छोट्या गाड्यांत कार्बन ब्रशची मोटर आहे. कार्बन झिजले की मोटर एका ठराविक जागी मदत देत नाही, कॉलमला हलकीशी टिचकी मारली की परत देते. निकष एकच: बिघाड होत असताना कॉलमच्या तारेवर आणि कॉलमच्याच अर्थिंगवर १२ च्या वर व्होल्ट मिळत असतील तरच कॉलमवर बोट ठेवायचं.

---

खानापूर_लाल_माती

सगळ्यांचे आभार. मोजून झालं. डीसी क्लॅम्प मीटरही शेजारून मिळाला.

बॅटरीवर लोड नसताना १४.१. स्टेअरिंग टोकाला: बॅटरीवर १३.२, बॉडी अर्थिंगला १.३ व्होल्ट पडतात, इंजिन अर्थिंगला ०.१, पॉझिटिव्हला ०.२. बॉडी अर्थिंगच्या तारेत ४५ अँपिअर. हेडलाईट, ब्लोअर, वायपर चालू करून तेच केलं: बॅटरीवर १२.६, बॉडी अर्थिंगला २.०, पॉझिटिव्हला ०.३, तारेत ७० अँपिअर, आणि तेवढ्यात दिवा लागला. एसी ०.०४.

चाकं उचलून टेप लावली. जड जागा: अकरावर आणि पाचवर, परत अकरावर. स्प्रिंग गुपचूप फिरते, आवाज नाही. स्पीडोमीटर ठीक. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट कोपऱ्यात ओलं आहे, हे मात्र आत्ताच दिसलं.

---

उद्यमबाग_वायरिंग

मग काय, सापडलंच की. १.३ भागिले ४५ म्हणजे सुमारे ०.०३ ओहम. २.० भागिले ७० केलं तरी तेच. म्हणजे रोध एका जागी पक्का बसलाय, करंट वाढेल तसं व्होल्टेज जास्त पडतंय. दुसऱ्या मोजणीत कॉलमला मिळतात १२.६ वजा २.० वजा ०.३, म्हणजे १०.३. युनिट मदत बंद करणारच. ७० अँपिअरला २ व्होल्ट म्हणजे त्या जोडावर १४० वॅट उष्णता. वळवल्यानंतर लगेच लग (तारेच्या टोकाचा भोकाचा धातूचा तुकडा) आणि बोल्टजवळ हात लावून बघा, गरम लागेल. सांभाळून.

हेडलाईट आणि ब्लोअर यांचाही परतीचा करंट त्याच बॉडीच्या तारेतून बॅटरीकडे येतो, म्हणून ते चालू असले की त्रास वाढतो. इंजिनची जाड तार वेगळी असते. ती चांगली आहे म्हणून स्टार्टर झकास फिरतो आणि बॅटरीवर कुणाला संशय येत नाही.

दुरुस्ती: बॅटरी निगेटिव्हपासून बॉडीपर्यंतची तार बदला. २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक तार, दोन्ही टोकांना तांब्याचे टिनिंग केलेले लग, बोल्टला शोभेल त्या भोकाचे, बहुतेक ६ किंवा ८ मिलिमीटर. लग दाबायला हायड्रॉलिक क्रिंपर लागतो, हातोडीने ठोकलेला लग वर्षभरात परत हाच खेळ करतो. उद्यमबागेत किंवा बॅटरीच्या कुठल्याही बऱ्या दुकानात समोर दाबून देतात, वर उष्णतेने आवळणारी नळी घालून घ्या. तार टेपने गुंडाळू नका, आत पाणी साचतं.

बॉडीवरची बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, लगाची खालची बाजूही. कोरडं जोडा, पूर्ण आवळा, *मग* वरून व्हॅसलीन लावा. रंग किंवा ग्रीस मध्ये घालून आवळायचं नाही. त्या बोल्टखाली म्युझिक सिस्टीमचा ॲम्प्लिफायर किंवा जादा हॉर्नची तार घुसवलेली असेल तर तिला वेगळी जागा द्या. जुन्या तारेचं आवरण लगापासून बोटभर कापून बघा, आत हिरवा झालेला तांब्याचा भुगा निघेल.

नंतर परत तीच मोजणी. ०.१ च्या आसपास आलं पाहिजे.

ओल्या कार्पेटकडे दुर्लक्ष करू नका. काचेखाली वायपरजवळची जाळी उघडून बघा. तिथून पाणी जायच्या वाटा पाल्याने बुजल्या की पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत येतं किंवा फायरवॉलवरून कॉलमच्या बूटकडे वाहतं. ईपीएसचा मोठा कनेक्टर तिथेच असतो. वाटा साफ करून वरून बादलीभर पाणी ओता, चाकांच्या मागून खाली पडलं पाहिजे. कनेक्टरमध्ये हिरवट पिना दिसल्या तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, मग बसवा. कार्पेट उचलून खालचा फोम वाळवा, तो आठवडाभर पाणी धरून ठेवतो.

---

निपाणी_फिटर

अकरा, पाच, अकरा. क्रॉसच. शाफ्ट मागवा. बसवताना:

चाकं सरळ, स्टेअरिंग सरळ. पिनियनच्या खाचेसमोर शाफ्टचं बोल्टचं भोक आणा. बोल्ट हाताने सरळ आत गेला पाहिजे. जात नसेल तर शाफ्ट पूर्ण खाली बसला नाही, ठोकून घालू नका. बोल्ट नवीनच घ्या. आवळण बऱ्याच छोट्या गाड्यांना २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतं, पण तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा वापरा. फायरवॉलचं रबर बूट त्याच वेळी बदला, नाहीतर नवीन शाफ्टचीही हीच गत. बूटची कड पूर्ण गोल बसलीय का, आतून बोट फिरवून बघा.

रॅकच्या दोन्ही बाजूंचे रबर बेलोजही बघून घ्या. फाटलेला असेल तर दाबून बघा, आतून लाल पाणी आलं तर टायरॉडचा (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा) आतला बॉल जॉइंट थोड्याच दिवसांचा.

---

चिक्कोडी_पिकअप

मध्येच विचारतो. माझं पिकअप जुनं, हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग. पावसात आयडलवर जड होतं, कुंई असा आवाज येतो. कधी सकाळी पाच मिनिटं जड, मग ठीक. अर्थिंगच बघायचं काय?

---

निपाणी_फिटर

तुमच्याकडे मोटरच नाही, अर्थिंग बाजूला ठेवा. पावसात जड आणि कुंई म्हणजे पट्टा. दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने जोरात दाबा, साधारण १० मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबला तर ताणा. पट्ट्याची आतली बाजू आरशासारखी चकचकीत झाली असेल तर ताणून उपयोग नाही, बदला.

पट्टा ठीक असेल तर टाकीचं झाकण उघडा. तेलाला फेस किंवा दुधी रंग दिसला तर हवा जातेय. टाकी ते पंप या होजमध्ये ओढ असते. तिथला क्लॅम्प सैल असला तर तेल बाहेर गळत नाही, हवाच आत येते, म्हणून खालची जमीन कोरडी दिसते आणि माणूस फसतो. क्लॅम्प आणि होज बदला. तेल झाकणावर लिहिलंय तेच, ब्रेक ऑइल चुकूनही नको, सगळी रबर सील फुगतात. हवा काढताना पुढची चाकं वर, इंजिन *बंद*, स्टेअरिंग पंधरा-वीस वेळा टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवा, तेल खाली गेलं की भरत जा. फेस बसला की मग इंजिन चालू. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, पंप जळतो.

फक्त थंडीत सकाळी जड आणि तापल्यावर ठीक, तेलही साफ, तर गिअरबॉक्स किंवा रॅकच्या व्हॉल्व्हमधल्या रिंगा झिजल्यात. गरम झाल्यावर त्या थोड्या फुगून बसतात. ते काम बाहेरून होणारं नाही, उघडावं लागतं.

---

खानापूर_लाल_माती

तार बदलली, जोड घासून घेतले. तेच लोड चालू करून मोजलं: बॉडी अर्थिंगला ०.०९, कॉलमवर १२.७. दिवा नाही. जुन्या तारेत बॉडीकडच्या लगाजवळ तांबं हिरवं पीठ झालेलं. जाळीखाली पाला गच्च होता, साफ केला. शाफ्ट आणि बूटही नवीन घातलं, क्रॉसचा खालचा कप तांबडा झाला होता. आता वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं.

एकच उरलंय: सरळ रस्त्यावर स्टेअरिंग किंचित डावीकडे तिरकं राहतं. अलायमेंटवाला म्हणतो टायरॉड फिरवून सरळ करतो. करू काय?

---

निपाणी_फिटर

नको. शाफ्ट बदलायच्या आधी सरळ होतं आणि आता तिरकं, म्हणजे शाफ्टचा एक दात इकडचा तिकडे बसलाय. वरच्या टोकाला होतं असं, खालच्या टोकाला खाच असते म्हणून तिथे चूक होत नाही. टायरॉडने सरळ केलं तर स्टेअरिंग मध्यावर असताना रॅक मध्यावर राहणार नाही, एका बाजूला गाडी कमी वळेल.

आधी मोजा: चाकं वर, मध्यापासून डावीकडच्या टोकापर्यंत किती फेरे आणि उजवीकडे किती. दोन्हीकडे सारखे असतील तर दात बरोबर आहे, मग टायरॉडला हात लावायला हरकत नाही. फरक असेल तर वरचा बोल्ट काढून एक दात सरकवा. परत स्टेअरिंग लॉक करून, निगेटिव्ह काढून.

---

टिळकवाडी_स्कॅनर

दात सरकवल्यावर, आणि नंतर अलायमेंट झाल्यावरही, स्कॅनरने ईपीएसमध्ये शिरून टॉर्क सेन्सरचा शून्य परत बसवून घ्या. गाडीला अँगल सेन्सर (स्टेअरिंग किती वळलं ते मोजणारा) असेल तर त्याचाही. हे करताना गाडी सपाट जागी, चाकं सरळ, आणि स्टेअरिंगला कुणाचाही हात लागलेला नको. हात टेकलेला असताना शून्य बसवला तर गाडी कायम एका बाजूला हलकी आणि दुसऱ्या बाजूला जड लागते, आणि मग परत कॉलमचं कोटेशन येतं.